मृगयेतील परिहास : वत्सगुल्माच्या प्राकृत परंपरेच्या प्रकाशात

मित्रांनी मिळून रानात शिकारीस जावे, दिवसभराच्या श्रमाने अंग मोडून यावे आणि रात्री एकमेकांच्या फजितीवर हसावे, हा व्यवहार मृगयेइतकाच जुना असला पाहिजे. वाङ्मयाच्या अभ्यासात मात्र त्याला फारसे स्थान मिळालेले नाही. मृगयावर्णन म्हटले की टीकाकार वेग, शौर्य आणि वनशोभा यांकडे वळतात. मृगयेतील थट्टा ही केवळ विश्रांतीची जागा, विदूषकाच्या वाट्याचा किरकोळ भाग, अशी समजूत करून ती बाजूला ठेवली जाते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. शिकारीच्या प्रसंगी कोण कोणास हसू शकतो, कोणत्या भाषेत हसतो आणि त्या हसण्याचा परिणाम कोणास भोगावा लागतो, हे तीन प्रश्न विचारले असता हा किरकोळ भागच पुष्कळ वेळा कृतीच्या गाभ्याशी जाऊन भिडतो, असे दिसून येईल.

या प्रश्नांच्या दृष्टीने वाशीम जिल्हा आडवळणाचा नव्हे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा ज्या नगरावरून ओळखला जातो ते वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच नगरात लावून दिला आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृत कवी. त्याचे ‘हरिविजय’ काव्य आज उपलब्ध नाही. परंतु आनंदवर्धन, कुंतक, भोज यांनी त्याची दखल घेतली आहे आणि ‘गाथासप्तशती’च्या टीकाकारांनी काही गाथा त्याच्या नावावर घातल्या आहेत. १९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात असून दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात सांगितला आहे. प्रतिष्ठा एका भाषेत आणि जगण्याचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही विभागणी भाषाभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण मृगयेतील परिहासाची घडणही नेमकी हीच आहे.

१

‘अभिज्ञानशाकुंतला’चा दुसरा अंक हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पहिल्या अंकात मृगया राजाच्या रथावरून दिसते. धनुष्याची दोरी ताणलेली आहे, मृग मान वळवून पाहत धावतो आहे आणि सारथी उपमा देत आहे. दुसऱ्या अंकाच्या आरंभी तीच मृगया माधव्य विदूषकाच्या सांध्यांतून जाणवते. ग्रीष्मातील भर दुपार, विरळ सावलीच्या रानातील वणवण, पाने कुजून तुरट झालेले ओढ्याचे कोमट पाणी, अवेळी पोटात पडणारे सळईवरचे मांस आणि घोड्यामागे धावून रात्री झोप येऊ न देणारे दुखणे, असा त्याच्या तक्रारीचा पाढा आहे. या पाढ्यात अतिशयोक्ती असेल, पण असत्य नाही. रथातून जे काव्य दिसते त्याची किंमत चालणाऱ्याच्या पायांनी चुकविलेली असते, हे कालिदासाने विदूषकाच्या मुखाने सांगितले आहे.

येथे भाषेची योजना पाहावी. राजा आणि सेनापती संस्कृत बोलतात. विदूषक प्राकृत बोलतो. नाट्यशास्त्राने विदूषकास प्राच्या भाषा नेमून दिली असली, तरी नाटकांतून तो सामान्यतः शौरसेनीच बोलताना आढळतो. उच्च-नीचतेचा हा भेद उघड असूनही विदूषक राजाला ‘वयस्य’ म्हणतो. सेनापती त्याच राजाला ‘स्वामी’ म्हणतो. जो राजाच्या भाषेत बोलतो त्याला बरोबरीचे संबोधन नाही आणि ज्याला बरोबरीचे संबोधन आहे त्याला राजाची भाषा नाही. हा विरोध अर्थपूर्ण आहे. संस्कृतात उच्चारलेली तक्रार राजसभेतील प्रतिवाद ठरली असती. प्राकृतात ती लाडिक कुरकुर ठरते. भाषेच्या या उतारामुळेच विदूषकाला सत्य बोलण्याची मोकळीक मिळते.

सेनापतीचे वर्तन याची उलट बाजू दाखविते. तोही शिकारीला कंटाळला आहे. विदूषकाला तो हळूच विरोध चालू ठेवण्याचा सल्ला देतो आणि लगेच राजाकडे वळून मृगयेमुळे उदर कसे कृश होते, शरीर कसे हलके होते, चालत्या लक्ष्यावर बाण लागण्यात कोणती धन्यता आहे, याचे व्याख्यान देतो. हे मृगयास्तुतीचे पद्य अलंकाराचा नमुना म्हणून वेगळे काढून वाचले जाते. परंतु नाटकातील त्याच्या स्थानी ते शब्दशः दुतोंडी आहे. त्यावर विदूषक सेनापतीला म्हाताऱ्या अस्वलाच्या तोंडी देतो आणि प्रेक्षक हसतात. हसू विदूषकाच्या बोलण्यावर येते, पण उघडे पडते सेनापतीचे बोलणे. सहली मित्र आणि सेवक यांतील भेद कालिदासाने असा एका थट्टेत दाखविला आहे.

तथापि या मैत्रीचे कौतुक करून थांबणे म्हणजे अर्धाच अंक वाचणे होय. अंकाच्या शेवटी राजाला विदूषकाची रवानगी राजधानीस करावयाची आहे आणि तो तेथे अंतःपुरात काही बोलेल, अशी धास्तीही आहे. तेव्हा शकुंतलेविषयीचे आपले बोलणे निव्वळ परिहास होता, ते खरे मानू नये, असे राजा त्याला बजावतो. जो मित्र थट्टेच्या आवरणाखाली सत्य सांगत होता, त्याला राजा थट्टेच्याच आवरणाखाली असत्य सांगतो. सहाव्या अंकात राजा पश्चात्तापाने पोळत असताना विदूषकाने आधी आठवण का दिली नाही, असा प्रश्न निघतो; तेव्हा ती थट्टा होती असे तुम्हीच सांगितले आणि मंदबुद्धी मी ते खरे मानले, असे त्याचे उत्तर येते. शापाने राजाची स्मृती गेली. परंतु मित्राजवळ राहिलेली साक्ष राजाच्या परिहासाने आधीच निकामी करून ठेवली होती. शकुंतलेच्या दुःखाला या एका वाक्याचाही हातभार आहे. विदूषकाचा भाग केवळ विरंगुळ्याचा, या मताचे निरसन करण्यास एवढे पुरेसे आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. संस्कृत-प्राकृताची उतरंड मराठीत तशीच आणणे शक्य नव्हते. सर्व पात्रे मराठीच बोलणार. हास्याचा भार अशा वेळी भाषाभेदावरून निघून बोलण्याच्या ढंगावर आणि नटाच्या अंगविक्षेपांवर येऊन पडतो. विनोद टिकतो, परंतु राजाची भाषा न लाभलेल्या मित्राचा विशेषाधिकार पुसट होतो. भाषांतरात नेमके काय हरवते याचा विचार करणाऱ्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करू नये.

२

‘शाकुंतला’तील मृगया राजाची आहे. पारध्याच्या घरातील मृगया पाहावयाची तर ‘गाथासप्तशती’कडे आणि तिच्या परंपरेतील मुक्तकांकडे वळले पाहिजे. आनंदवर्धनाने ध्वनीची उदाहरणे म्हणून दिलेल्या दोन गाथा येथे विशेष उपयोगी पडतात. एकीत व्याधाची नवी बायको कानांत केवळ मोरपीस घालून, गजमोत्यांनी नटलेल्या सवतींमधून तोऱ्यात फिरते. सवतींच्या काळी नवरा हत्ती मारीत असे. हिच्या प्रेमात गुंतून तो इतका क्षीण झाला आहे की मोरापलीकडे त्याची मजल जात नाही. दुसरीत हस्तिदंत आणि व्याघ्रचर्म मागावयास आलेल्या व्यापाऱ्याला वृद्ध व्याध सांगतो की, कुरळ्या बटांची सून घरात वावरत असता आमच्याकडे असला माल कोठून येणार?

दोन्ही गाथांत शिकारीचे मोजमाप उलटे झाले आहे. दरबारी मृगयेत मोठे सावज म्हणजे मोठा मान. येथे लहान सावजच मानाचे चिन्ह होते. शिकाऱ्याच्या बढाईवर घरातील स्त्री आणि वृद्ध पिता हसतात. पण त्या हसण्यात तिरस्कार नाही, आपलेपणा आहे. सासऱ्याच्या उत्तरात मुलाची थट्टा आहे, सुनेचे कौतुक आहे आणि धंदा बसल्याची चिंताही आहे. विनोदाच्या पोटात उपजीविकेचा प्रश्न ठेवणारी ही दृष्टी ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात नाही.

या गाथा नागर रसिकांनी नागर रसिकांसाठी रचल्या. त्यांतील व्याध हा काव्यसंकेत आहे, प्रत्यक्ष पारधी नव्हे, असा आक्षेप येईल. तो बव्हंशी मान्य करावा लागेल. संकेतालाही अनुभवाचा आधार लागतो हे खरे असले, तरी ज्याच्या घरातले हसू म्हणून ते आपल्यापुढे येते त्याचा स्वतःचा आवाज आपण ऐकत नाही. किंबहुना दुसऱ्या अंकात विदूषकाची झोप मोडणाऱ्या पक्षी धरणाऱ्यांना, शकुनिलुब्धकांना, एका शिवीपलीकडे काहीच मिळालेले नाही. पहाटे रान वेढावयास निघालेले हे लोक रंगमंचावर येतसुद्धा नाहीत. राजा आणि त्याचा मित्र ज्या मृगयेवर हसतात ती ज्यांच्या श्रमावर उभी आहे, त्यांचे हसणे नाटकाच्या बाहेर राहते.

३

मराठी गद्याच्या पहाटेच्या ‘लीळाचरित्रा’त शिकाऱ्यांचा एक मेळा आपणास भेटतो. कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयास येतो आणि मागोमाग पारधी येऊन तो मागतात. हा ससा होडेचा, म्हणजे पैजेचा आहे. त्यापायी सुऱ्या निघण्याची वेळ येते, असे त्यांचे म्हणणे. पैज ही सोबत्यांच्या खेळीमेळीतूनच जन्मते. खेळीमेळी आणि सुरी यांतील अंतर किती थोडे असते, हे त्या छोट्या संवादात उमटले आहे. स्वामी त्यांना धिक्कारीत नाहीत. रानातले गवत आणि पाणी यांवर जगणाऱ्या जीवास का मारावे, एवढेच विचारतात. हास्य थांबते आणि पहिल्यांदाच सावजाच्या बाजूने प्रश्न उपस्थित होतो.

शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. मराठीत या व्यवहारास तीन नावे आहेत. ‘मृगया’ हा संस्कृत शब्द राजाच्या विलासाशी बांधलेला. ‘शिकार’ हा फारसीतून आलेला आणि पुढे बंदुकीच्या छंदाशी जुळलेला. ‘पारध’ मात्र प्राकृत ‘पारद्धि’तून आलेला, आणि ‘पारद्धि’चे मूळ हेमचंद्राने ‘पापर्द्धि’ असे दिले आहे. पापर्द्धि म्हणजे पापाची वृद्धी. जी क्रिया राजाने केली असता विलास ठरते, तीच पोटासाठी केली असता नावातच पाप घेऊन येते. पारधी या जातिनामावर हा शिक्का भाषेने आधी मारला. राज्यकर्त्यांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तसाच शिक्का कागदावर आणला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शब्दाचा वास लवकर जात नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंदाची शिकार मराठी वाङ्मयातूनही ओसरली. व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक खाली ठेवून निरीक्षणाची वही हाती घेतली. ‘सत्तांतर’ (१९८२) हे त्या बदलाचे फळ होय. छंद सोडणाऱ्यास वही मिळाली. उपजीविका सुटणाऱ्यास काय मिळाले, हा प्रश्न राहतोच. फासेपारध्यांचे तितर-लावे धरण्याचे फासे, पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल, माणसाळवलेल्या गाईच्या आडून काळविटाजवळ सरकण्याची रीत यांची नोंद मानवशास्त्रज्ञांनी घेतली आहे. मल्होत्रा, खोमणे आणि गाडगीळ यांनी १९८३ मध्ये फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू यांच्या शिकारपद्धतींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. या नोंदींत तंत्र आहे, सावज आहे. परंतु फासे लावून वाट पाहणाऱ्यांमधील बोलणे नाही. फसलेल्या नकलेवर सोबती काय म्हणतात, कोणास कोणत्या नात्याने चिडवतात, घरच्या भिल्ली गटातील बोलीतून मराठीत केव्हा येतात, हे भाषाभ्यासाचे काम आहे.

आज कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. रान राखण्यास त्या रानाचे जाणकार लागतात हेही तितकेच खरे. ज्या नगरात काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह झाला असे परंपरा मानते, त्याच्या परिसरात पक्ष्यांशी पक्ष्यांच्या भाषेत बोलणारी माणसे राहतात. त्यांचा परिहास आजवर इतरांनी रचला. राजमित्राची कुरकुर, व्याधवधूचा तोरा, पैजेचा ससा ही सर्व दुसऱ्यांनी सांगितलेली हसू आहेत. ती मोलाची आहेत. पण त्यांवरून मृगयेतील मैत्रीचा सिद्धांत मांडणे म्हणजे ताम्रपटाचा संस्कृत भाग वाचून प्राकृत भाग न वाचण्यासारखे होय.