डेंड्रायटिक पेशींचे श्रेष्ठत्व : मिश्र लिंफोसाइट अभिक्रियेची एक चिकित्सा

लिंफोसाइटना उद्दीपित करणारी सर्वांत समर्थ पेशी, असे डेंड्रायटिक पेशीचे वर्णन रोगप्रतिकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. या विधानाचा एक प्रमुख प्रायोगिक आधार म्हणजे मिश्र लिंफोसाइट अभिक्रिया. या आधारावरून नेमके काय सिद्ध होते, हे तपासणे आवश्यक ठरते.

सदर पद्धतीत एका प्राण्याच्या टी-पेशी जनुकीयदृष्ट्या भिन्न प्राण्याच्या पेशींसोबत वाढविल्या जातात. उद्दीपक पेशींचे विभाजन प्रारणाने थांबविले जाते आणि टी-पेशींचे विभाजन किरणोत्सर्गी थायमिडीनच्या ग्रहणावरून मोजले जाते. स्टाइनमन व कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेतील डेंड्रायटिक पेशींचे वर्णन केले. या पेशी इतर प्रमुख पेशीप्रकारांपेक्षा किमान १०० पट प्रभावी असल्याचे स्टाइनमन व विट्मर यांनी १९७८ मध्ये दाखविले. महाभक्षी पेशींच्या नमुन्यातील उद्दीपन त्यात मिसळलेल्या थोड्या डेंड्रायटिक पेशींमुळे तर नव्हे, ही शंका मूलभूत होती. १९८३ मध्ये विशिष्ट प्रतिपिंडाने डेंड्रायटिक पेशी नष्ट केल्यावर उद्दीपन मोठ्या प्रमाणात घटले. त्यामुळे मूळ निष्कर्षास बळकटी मिळाली.

तथापि या पद्धतीच्या दोन मर्यादा दुर्लक्षित राहतात. पहिली, येथे परकी ऊतिसुसंगती प्रथिने पेशीपृष्ठावर आधीच असतात. साहजिकच जंतू गिळून त्याचे प्रतिजन मांडण्याच्या क्षमतेची कसोटी लागत नाही. महाभक्षी पेशींचे येथील दुय्यम स्थान हे त्यांच्या एकूण कार्याचे मूल्यमापन नव्हे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्वचेतून नुकत्याच काढलेल्या लँगरहान्स पेशी दुर्बल उद्दीपक असतात, मात्र दोन-तीन दिवसांच्या संवर्धनानंतर त्या प्रबळ होतात, असे शुलर व स्टाइनमन यांनी १९८५ मध्ये दाखविले. म्हणजेच मोजले जाणारे सामर्थ्य पेशीच्या प्रकाराइतकेच तिच्या परिपक्वतेचे असते आणि ती परिपक्वता काही अंशी प्रयोगशाळेतच घडते. पुढे २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत, दाहाचा संकेत नसताना डेंड्रायटिक पेशींकडे पोहोचविलेल्या प्रतिजनामुळे टी-पेशींत सहिष्णुता निर्माण झाल्याचे आढळले.

स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु लस व अवयवरोपण यांसाठी हीच पेशी परस्परविरुद्ध हेतूंनी वापरावयाची असल्याने, ‘कोणती पेशी समर्थ?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या अवस्थेतील पेशी?’ हा प्रश्न अध्यापनात व संशोधनात अग्रस्थानी असणे अगत्याचे आहे.