देवाचं देणं: टोल्किनच्या जगातले मर्त्य आणि अमर

फँटसी म्हटली की अमर लोक आलेच. कुठलाही गेम उघडा, पहिल्याच स्क्रीनवर विचारतात: एल्फ हवा की माणूस? एल्फ घेतला तर कान टोकदार, नेम अचूक, आयुष्य शेकडो वर्षांचं. माणूस घेतला तर सगळंच बेताचं, पण तो म्हणे लवकर शिकतो. मर्त्य आणि अमर यांच्यातला फरक म्हणजे फोनच्या दोन मॉडेलमधला फरक. एकाची बॅटरी जास्त टिकते, एवढंच.

ही एल्फमंडळी आज ज्या रूपात आपल्याला माहीत आहेत, ते रूप त्यांना बऱ्याच अंशी जे. आर. आर. टोल्किननं दिलं. पण खुद्द टोल्किनकडे हा बॅटरीचा हिशोब चालत नाही. त्यानं एका पत्रात लिहिलंय की 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा खरा विषय सत्ता नव्हे, तर मृत्यू आणि अमरत्व आहे. पहिल्यांदा हे वाचलं की पटत नाही. अंगठी, लढाया, सिंहासन, हे सगळं काय मग? पण त्याच्या मर्त्यांची आणि अमरांची रचना नीट पाहिली की मुद्दा दिसायला लागतो. त्याच्याकडे फरक 'किती जगतात' यात नाही. 'पुढे काय होणार हे कोणाला माहीत आहे' यात आहे. आणि त्याच्या गोष्टींवरचे सिनेमे आणि सिरीज नेमके इथेच घसरतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी रचना बघू. ती आहे 'द सिल्मरिलियन' या पुस्तकात. टोल्किन १९७३ साली गेला. त्यानंतर त्याचा मुलगा ख्रिस्तोफर यानं हे पुस्तक संपादित करून १९७७ मध्ये छापलं. त्यात इल्युवतार हा एकमेव निर्माता. तो आधी आइनुर नावाचे आत्मे निर्माण करतो आणि त्यांच्या संगीतातून जगाची कल्पना साकारते. त्यांतले काही आत्मे पुढे जगात उतरतात. मोठे ते वालार, धाकटे ते मायार. गँडाल्फ हा मायारांपैकी एक आणि साउरॉनही त्यांच्यातलाच. शरीर त्यांच्यासाठी अंगावरच्या कपड्यासारखं असतं. पण जगात उतरायला एक अट होती: एकदा आत आलात की जग पूर्ण होईपर्यंत तुम्ही त्याच्याशी बांधलेले.

दुसरे एल्फ. त्यांना आपण सवयीनं अमर म्हणतो, पण मराठीत त्यांच्यासाठी जास्त नेमका शब्द आहे: चिरंजीव. लग्नपत्रिकेत नावाआधी 'चि.' लावताना आपल्या ध्यानात राहत नाही, की पुराणातल्या सात चिरंजीवांमध्ये अश्वत्थामाही आहे. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत भटकणारा. चिरंजीव म्हणजे खूप काळ टिकणारा, टिकावंच लागणारा. एल्फ तसे आहेत. ते म्हातारे होत नाहीत, आजारानं मरत नाहीत. युद्धात मेले किंवा दुःखानं खंगून गेले, तर त्यांचे आत्मे मांदोसच्या दालनांत जातात आणि तिथून काहींना पुन्हा शरीर मिळतं. म्हणजे मेल्यानंतरचा पत्ता त्यांना ठाऊक आहे. पण जग आहे तोवरच ते आहेत, जगाबाहेर त्यांना वाट नाही.

आणि तिसरी माणसं. ती मरतात आणि जग सोडून जातात. कुठे? एल्फांना माहीत नाही. त्यांच्या ग्रंथांत एवढंच येतं की मृत्यू हे इल्युवतारनं माणसांना दिलेलं देणं आहे, आणि काळ सरत जाईल तसा वालारांनाही त्याचा हेवा वाटेल. सगळा तक्ता उलटा झालेला आहे. अमर ते कैदी, मर्त्य ते पाहुणे.

'देणं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपण गाणाऱ्याच्या गळ्याला 'देवाचं देणं' म्हणतो आणि वाण्याच्या उधारीलाही 'देणं'च म्हणतो. मिळालेली गोष्ट आणि फेडायची गोष्ट, दोन्हींना एकच शब्द. टोल्किनच्या माणसांचा सगळा प्रश्न यातच आहे. एल्फ त्यांना पहिला अर्थ सांगतात, त्यांना ऐकू येतो दुसरा.

इथे एक साधी गोष्ट विचारायला हवी. मरण हे वरदान आहे, असं म्हणतंय कोण? जे मरत नाहीत ते. टोल्किनला याची पूर्ण कल्पना होती. हे मत एल्फांचं आहे, असं त्यानं एका पत्रात स्पष्ट लिहिलंय. तो स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता. मरण ही पापाची शिक्षा, या ख्रिस्ती विचाराच्या बाजूनं किंवा विरुद्ध ते मत काही सांगत असेलच असं नाही, असंही तो म्हणतो. म्हणजे लेखकानं आपलं तत्त्वज्ञान पात्रांच्या तोंडी घातलंय असा हा सरळ मामला नाही. एका समाजानं दुसऱ्या समाजाच्या दुःखाबद्दल बनवलेलं हे मत आहे.

माझी आजी गेली तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण दारात चपला काढता काढता म्हणत होता, 'सुटली बिचारी.' तिला त्रास होता हे खरं. पण त्याच आठवड्यात ती बाजारात कैऱ्या आल्या का म्हणून विचारत होती. आपल्याला सुटायचंय, असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. म्हणणारे वाईट नव्हते. पण 'सुटली' हा शब्द मागे राहिलेल्यांच्या सोयीचा आहे. टोल्किनचे एल्फ माणसांना जे सांगतात, ते मला बऱ्याचदा असंच वाटतं.

न्युमेनोरची गोष्ट याच वळणावर उभी आहे. तिथल्या माणसांना दीर्घ आयुष्य मिळालेलं होतं. पहिला राजा एल्रोस पाचशे वर्षं जगला. त्याचा जुळा भाऊ एल्रॉंड. दोघांना निवड करायला सांगितली होती. एल्रॉंडनं एल्फ व्हायचं ठरवलं, एल्रोसनं माणूस. पुढे न्युमेनोरच्या लोकांना प्रश्न पडला, की आपल्याला पश्चिमेच्या अमरभूमीकडे जायला बंदी का? आपण का मरायचं? वालारांचे दूत समजूत काढायला आले. ते म्हणाले की ती भूमी कोणाला अमर करत नाही, तिथे अमर राहतात म्हणून ती पवित्र आहे. लोकांनी उलट विचारलं, आमच्याकडून आंधळा विश्वास मागता, तुम्हाला कुठे तो ठेवावा लागतो? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. पुढच्या काळात आयुष्य कमी होत गेलं, भीती वाढत गेली आणि थडगी मोठी होत गेली. शेवटी साउरॉननं राजाला चढवलं, आरमार पश्चिमेकडे निघालं आणि अख्खं बेट समुद्रात गेलं.

साउरॉन इथे काय विकतोय ते बघा. स्वतः न मरणारा आत्मा, आणि मर्त्यांना अमरत्व विकतोय. नऊ अंगठ्यांचंही तेच. त्या घालणाऱ्या माणसांना नवं आयुष्य मिळालं नाही, असलेलंच ताणलं गेलं. ताणता ताणता माणूस संपला आणि नाझगूल उरले. मर्त्याला जबरदस्तीनं चिरंजीव केलं तर काय होतं, त्याचं याहून भीतिदायक चित्र मी वाचलेलं नाही.

तरी न्युमेनोरच्या कथेबद्दल माझी एक तक्रार आहे. मरणाची भीती वाटणं हेच तिथे माणूस बिघडल्याचं लक्षण ठरतं. प्रश्न विचारणारे पुढे नरबळी देणारे निघतात, त्यामुळे प्रश्नही आपोआप बाद होतो. ही युक्ती सोपी आहे.

टोल्किनलाही ते पुरेसं वाटलं नसावं. १९५९च्या सुमारास त्यानं एक संवाद लिहिला, जो त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. १९९३ साली 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडात तो आला. एका बाजूला फिनरॉड हा एल्फ राजा, दुसऱ्या बाजूला आंद्रेथ ही माणसांमधली वयस्क, ज्ञानी बाई. ना लढाई, ना जादू. दोघं बसून बोलतात. फिनरॉड तिला तेच सांगतो: मरण तुमच्या स्वभावातच आहे. आंद्रेथ ऐकून घेत नाही. ती म्हणते, आमच्याकडची जुनी समजूत वेगळी आहे. आम्ही मरणासाठी जन्मलो नव्हतो, ते आमच्यावर लादलं गेलं. तुमच्यासाठी मरण दूरचं आहे, म्हणून तुम्हाला त्यात सौंदर्य दिसतं.

आणि मग कळतं की हा वाद नुसता तत्त्वाचा नाही. तरुणपणी आंद्रेथचं फिनरॉडच्या भावावर, ऐग्नोरवर, प्रेम होतं. त्याचंही तिच्यावर होतं. तरी तो तिला सोडून गेला. फिनरॉड कारणं देतो: युद्धाचा काळ आहे, शिवाय तिला म्हातारी होताना पाहण्यापेक्षा तिच्या तरुणपणाची आठवण जपणं त्यानं पसंत केलं. हे वाचताना मला ऐग्नोरचा राग येतो. ज्याच्याकडे जगाच्या अंतापर्यंतचा वेळ आहे, त्याला तिची चाळीस-पन्नास वर्षं देता आली नाहीत. चिरंजीवांचं जगणं म्हणजे आठवण जमवत राहणं, आणि त्यानं जिवंत बाईची आठवण करून टाकली.

याच संवादात दोन प्रकारच्या आशांसाठी दोन एल्फी शब्द येतात. 'अमदिर' म्हणजे काही चिन्हं दिसतात म्हणून वाटणारी आशा. 'एस्टेल' म्हणजे काहीच दिसत नसताना ठेवलेला भरवसा. पुढे त्यात ख्रिस्ती श्रद्धेजवळ जाणारी एक जुनी आशा डोकावते, पण आंद्रेथ त्या आशेवर विसंबणाऱ्यांपैकी नाही. टोल्किन तिला हरवत नाही, हे मला या संवादाचं सगळ्यात मोठं काम वाटतं. श्रद्धाळू लेखकानं न पटलेल्या बाईला शेवटपर्यंत न पटलेलंच ठेवलंय.

आता पडद्याकडे येऊ. 'द रिटर्न ऑफ द किंग' (२००३) या सिनेमात मिनास टिरिथला वेढा पडलेला असताना गँडाल्फ घाबरलेल्या पिपिनला धीर देतो. मरण म्हणजे शेवट नव्हे, पुढे पांढरा किनारा आहे आणि हिरवा प्रदेश आहे. प्रसंग सुंदर आहे, इंटरनेटवर तो हजारदा फिरतो. पण पुस्तकात हे वर्णन मरणाचं नाहीच. ते फ्रोडोच्या जहाजाला दिसलेल्या पश्चिमेच्या भूमीचं आहे, आणि फ्रोडोसारखे मर्त्य तिथे जाऊनही मर्त्यच राहतात. सिनेमानं एल्फांचा पत्ता माणसांच्या हातात दिला. पिपिनला मिळालेली खात्री पुस्तकातल्या एकाही माणसाला मिळत नाही.

'द रिंग्ज ऑफ पॉवर' (२०२२) या सिरीजनं दुसऱ्या टोकाची गडबड केली. तिथे एल्फांचं तेज ओसरतंय आणि मिथ्रिल मिळालं नाही तर ते संपणार. म्हणजे फिरून बॅटरीच. टोल्किनकडे एल्फांचं दुखणं याच्या बरोबर उलट आहे. त्यांचं शरीर विरत जातं, जग बदलत जातं, पण आत्म्याला सुटी नाही. आणि न्युमेनोरमध्ये एल्फांविरुद्धचा राग दिसतो तो बऱ्याच अंशी 'आपली कामं हे घेतील' अशा भाषणातून. 'आम्ही का मरायचं' हा प्रश्न बाजूलाच राहतो.

पुस्तकात या सगळ्याचा शेवट कुठे होतो? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या परिशिष्टात. २१० वर्षांचा आरागॉर्न जुन्या राजांच्या रीतीनं आपणहून देह ठेवायचं ठरवतो. आर्वेननं त्याच्यासाठी एल्फांचं आयुष्य सोडलेलं आहे. ती त्याला थांबायला सांगते. इतके दिवस न्युमेनोरचे लोक तिला मूर्ख वाटायचे, आता त्यांची दया येते, असं ती कबूल करते. आरागॉर्न तिला किनाऱ्याचं वर्णन सांगत नाही. जगापलीकडे आठवणीहून जास्त काहीतरी आहे, एवढंच म्हणतो. ऐग्नोरनं ज्या आठवणीसाठी आंद्रेथला सोडलं, त्या आठवणीहून जास्त. त्याच्याकडे पुरावा नाही. लहानपणी त्याचं नाव एस्टेल ठेवलं होतं, आणि तो जाताना आर्वेन त्याला त्याच नावानं हाक मारते. पण भरवसा त्याचा होता. तिच्या वाट्याला तो आला असं टोल्किन लिहीत नाही. ती ओस पडलेल्या लोरिएनच्या अरण्यात एकटी जाऊन मरते.

लेखकाची स्वतःची बाजू कुठली? चौथ्या वर्षी वडील गेले, बाराव्या वर्षी आई गेली. १९१६ साली सोमच्या लढाईत तो स्वतः होता, आणि त्याच वर्षी युद्धानं त्याचे दोन जवळचे मित्र नेले. १९६८च्या बीबीसीच्या माहितीपटात त्यानं सिमोन द बोव्हारचा एक उतारा वाचून दाखवला. त्याचा आशय असा, की नैसर्गिक मरण असं काही नसतंच, प्रत्येकाला आपलं मरण हा अन्यायच वाटतो. आपल्या गोष्टीचं मर्म त्याला त्यात सापडलं. ही एल्फांची भाषा नाही, आंद्रेथची आहे. आणि ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत त्याच्या बायकोच्या नावाखाली 'लुथियेन' कोरलंय, त्याच्या नावाखाली 'बेरेन'. लुथियेन म्हणजे बेरेनसाठी चिरंजीवपण सोडणारी. ऐग्नोरनं जे केलं नाही ते तिनं केलं होतं.

सिनेमे पाहून झाले असतील तर आधी परिशिष्टातली आरागॉर्न-आर्वेनची गोष्ट वाचा, पाच-सात पानांचीच आहे. मग फिनरॉड-आंद्रेथचा संवाद. तो जड आहे, दोन बैठकी लागतील. वाचताना कोणाचं पटतंय ते ठरवायची घाई करू नका. टोल्किननंही केलेली नाही.