हिंदीच्या रकान्यातली याडी

मध्यंतरी अमेरिकेतल्या एका राज्याचा नकाशा पाहिला. कुठल्या काउंटीत किती हिस्पॅनिक लोक राहतात, ते रंगांच्या छटांत दाखवलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला. वाटलं, आपल्या जालन्याचाही असा नकाशा करू. २०११च्या जनगणनेतला मातृभाषांचा सी-१६ तक्ता डाउनलोड केला, आठ तालुके मांडले, ‘हिंदी’ची बेरीज उचलली आणि रंग भरले.

जालना शहराजवळ हिंदी दिसणार हे ठाऊक होतं. एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. पण रंग मंठ्यातही उमटला. तिथे कुठे आलं स्टील? मंठ्याच्या तांड्यावरच्या कॉलेजमित्राला नकाशा पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘माझ्या याडीला हिंदी येते हे तुला कोणी सांगितलं?’

मग तक्ता नीट वाचला. जनगणनेत बंजारी, लमाणी/लंबाडी या मातृभाषा ‘हिंदी’ या मथळ्याखाली येतात. २०११मध्ये देशात ३२ लाखांहून जास्त लोकांनी लमाणी/लंबाडी ही मातृभाषा सांगितली आणि ते सगळे हिंदीच्या ५२ कोटींत जमा झाले.

तक्ता खोटा नाही. खालच्या ओळीत लमाणी वेगळी छापलेली आहे. चूक माझी, मी मथळ्यावरच थांबलो. पण मथळाही निर्दोष नाही. ‘हिस्पॅनिक’ या शब्दातही मेक्सिकोतून आलेला शेतमजूर आणि क्युबातून आलेला डॉक्टर एकाच रंगात बुडतात. तरी तिथे १९८०पासून प्रत्येक घराला तो प्रश्न थेट विचारला जातो, माणूस स्वतः उत्तर देतो. आपल्याकडे माणूस ‘लमाणी’ सांगतो आणि ‘हिंदी’ हे नाव त्याला मागाहून चिकटतं.

दुसरी गोची वेळेची. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तेव्हा ऊसतोड जोरात असते. जो तो संपूर्ण काळ घराबाहेर असेल, त्याला घरी मोजायचं नाही, असेल तिथे मोजायचं, असा नियम. म्हणजे उचल घेऊन गेलेलं मंठ्याचं माणूस साखर कारखान्याजवळच्या कोपीत मोजलं जाणार, प्रगणक तिथे पोचला तर. जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ अशी शेवटच्या अंकापर्यंत छापलेली आहे. त्या आकड्याचा ठामपणा मला आता खटकतो.

नोंदींचं वजन जालन्याला शिकवावं लागत नाही. अंतरवाली सराटीपासून पेटलेल्या आंदोलनानंतर २ सप्टेंबर २०२५ला सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. लगोलग बंजारा समाजानेही त्याच जुन्या नोंदींवर बोट ठेवून अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. आज कोणी कोणाला कुठल्या रकान्यात टाकलं, हे पुढच्या पिढ्यांना असं पुरून उरतं.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. यंदा जातही मोजणार आहेत. हंगाम मात्र तोच, उसाचा.

मी नकाशा दुरुस्त केला. हिंदीतून लमाणी वेगळी काढली, तिला स्वतंत्र रंग दिला आणि मित्राला पुन्हा पाठवला. तो म्हणाला, ‘आता बरंय. पण त्या फेब्रुवारीत याडी आणि बा तोडीला होते. ते यात कुठेत?’

त्यासाठी माझ्याकडे रंग नाही.