सांधा आणि एकात्मता : एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने

कलाकृतीची एकात्मता आणि निर्मात्याच्या अनुभवाची अखंडता या दोन गोष्टी समीक्षेत अनेकदा एकच मानल्या जातात. कवितेचे खर्डे सहसा उरत नसल्याने हे गृहीतक तपासणे कठीण असते. ध्वनिमुद्रणाचे टप्पे मात्र फितीवर टिकतात. बीटल्स या ब्रिटिश वृंदाचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हे गीत त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

जॉन लेननने १९६६ मध्ये स्पेनमधील चित्रीकरणाच्या काळात ते रचले. शीर्षकाला आधार आहे तो लिव्हरपूलमधील एका बालगृहाच्या नावाचा. २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये मुद्रण सुरू झाले. सातवे मुद्रण संथ, अंतर्मुख होते. सव्विसावे द्रुत होते आणि जॉर्ज मार्टिनने योजलेल्या ट्रम्पेट व चेलो यांच्या साथीमुळे उग्र झाले होते. लेननला एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध हवा होता. दोहोंची लय निराळी, पट्टीही निराळी. २२ डिसेंबरला मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी फितींच्या गतीत फेरफार करून ते जोडले. सांधा साधारण पहिल्या मिनिटाच्या अखेरीस येतो.

या तांत्रिक तडजोडीचा परिणाम केवळ तांत्रिक राहिला नाही. गती बदलल्याने गायकाचा आवाज जड, काहीसा परका झाला. गीतातील ‘मी’ स्वतःच्या जाणिवेविषयीच साशंक आहे. त्याला हा आवाज विलक्षण शोभतो. हा अर्थ सांध्यापूर्वी कोणत्याही एका मुद्रणात नव्हता. मर्ढेकरांच्या परिभाषेत, विरोधलयीतून येथे समतोल साधला गेला आहे. मात्र त्याच मर्ढेकरांनी लेखकाकडून अपेक्षिलेली आत्मनिष्ठा येथे कोणाची मानायची? लेननची, मार्टिनची की एमरिकची? लयतत्त्व आणि आत्मनिष्ठा हे दोन निकष येथे एकमेकांपासून सुटे होतात, आणि टिकतो तो पहिला.

ग्रहणाचा इतिहासही बोलका आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘पेनी लेन’सह प्रसिद्ध झालेली ही मुद्रिका ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानावर राहिली; अग्रस्थानी एंगलबर्ट हंपरडिंकचे ‘रिलीज मी’ होते. १९६३ पासूनची अग्रस्थानांची मालिका खंडित झाली. परिचित प्रेमगीताने श्रोत्यांच्या अपेक्षा पुरवल्या. या गीताने त्या विस्कटल्या. पुढील काळात त्याची प्रतिष्ठा वाढत गेली, ती अपेक्षांचे क्षितिजच सरकल्यामुळे.

१९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी २’ या संचात सातवे मुद्रण स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. ते ऐकलेल्या श्रोत्याला सांधा जाणवू लागतो. निर्मितीच्या या ज्ञानाने एकात्मता भंगते, असा आक्षेप संभवतो. परंतु सांधा जाणवूनही गीत दुभंगत नाही. त्यातला ताण अधिक स्पष्ट होतो, एवढेच. यावरून एकात्मतेचे स्थान निर्मात्याच्या मनापेक्षा पूर्ण झालेल्या रचनेत शोधावे लागते. अनुभूतीच्या सच्चेपणावरून कवितेचा निवाडा करणाऱ्या मराठी समीक्षेलाही हा प्रश्न टाळता येणार नाही.