डेबोरा कॉक्स आणि कॅनडातलं आर अँड बी

कॅनडातल्या रिदम अँड ब्लूजची आज जगभर चलती आहे. द वीकेंड, डॅनियल सीझर ही टोरोंटो परिसरातली नावं कुठल्याही देशातल्या तरुण श्रोत्याला सांगावी लागत नाहीत. तरीही या संगीताचा हिशेब मांडायचा तर सुरुवात डेबोरा कॉक्सपासून करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. या कलेची ताकद तिच्या गळ्यात ऐकू येते आणि कॅनडाने या कलेची केलेली आबाळ तिच्या चरित्रात दिसते.

कॉक्सचा जन्म १९७४ साली टोरोंटोत, गयानाहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. विशीच्या आसपास ती सेलिन डिऑनच्या मागे कोरसमध्ये गात होती. स्वतःची गाणी घेऊन तिने कॅनडातल्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवले, पण पदरी नकारच पडले. अखेर १९९४ साली जोडीदार आणि सहगीतकार लासेल्स स्टीफन्स याच्यासह तिने लॉस एंजेलिस गाठलं. व्हिटनी ह्यूस्टनला पुढे आणणाऱ्या क्लाइव्ह डेव्हिस यांनी तिला अरिस्टा कंपनीत घेतलं आणि १९९५ साली तिचा पहिला अल्बम आला.

मायदेशात नकार मिळाले ते आवाजात खोट होती म्हणून नव्हे. ते गाणं वाजवणार कोण, हा प्रश्न होता. कॅनडाच्या रेडिओवर १९७१ पासून देशी संगीताला राखीव वाटा आहे, आधी ३० टक्के, १९९९ पासून ३५. पण ज्या संगीताला स्वतःचं स्टेशनच नाही, त्याला या वाट्याचा काय उपयोग? कृष्णवर्णीयांच्या संगीताला वाहिलेल्या केंद्रासाठी टोरोंटोत अर्ज झाला होता. १९९० साली नियामक मंडळाने तो डावलून परवाना कंट्री संगीताच्या केंद्राला दिला. टोरोंटोचे श्रोते सरोवरापलीकडचं, अमेरिकेतल्या बफेलोचं स्टेशन लावत राहिले. ‘फ्लो ९३.५’ सुरू झालं तेव्हा २००१ उजाडलं होतं आणि कॉक्सचं सर्वांत गाजलेलं गाणं तीन वर्षं जुनं झालं होतं.

ते गाणं म्हणजे १९९८ चं ‘नोबडीज सपोज्ड टु बी हिअर’. माँटेल जॉर्डन आणि शेप क्रॉफर्ड यांनी लिहिलेलं. प्रेमाचं दार कायमचं लावून बसलेल्या स्त्रीच्या मनात कुणीतरी न विचारता शिरलं आहे, एवढाच विषय. कडव्यांमध्ये कॉक्स आवाज हातचा राखून, जवळजवळ बोलल्यासारखी गाते. हरकती घेते, पण शब्दाचा अर्थ पुरा झाल्यावर. त्या काळात एकेका अक्षरावर दहा-दहा स्वर फिरवण्याची चढाओढ लागली होती. तिचा संयम त्यात उठून दिसतो. शेवटाकडे ती गळा मोकळा सोडते तेव्हा तो फुटणं अपरिहार्य वाटतं, कारण तोवर तिने ते रोखून धरलेलं आपण ऐकलेलं असतं. बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत हे गाणं सलग १४ आठवडे पहिलं होतं. हा विक्रम २००६ साली मेरी जे. ब्लाइजने मोडला. सर्वसाधारण यादीत मात्र ते आठ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, आणि त्यातले बरेच आठवडे पहिली जागा सेलिन डिऑनच्या युगुलगीताकडे होती.

त्यानंतर काय झालं? हेक्स हेक्टरने याच गाण्याची लय वाढवून केलेली नृत्याची आवृत्ती क्लबांमध्ये तुफान चालली. पुढे नृत्यसंगीताच्या यादीत कॉक्सची दहाहून अधिक गाणी पहिली आली. यश खरंच मोठं, पण माझ्या मते त्याने तिच्या गायकीचं नुकसान केलं. ठोक्यावर ठोका पडत राहिला की तिचा राखून गाण्याचा गुण दिसायला जागाच उरत नाही. तो गुण पुन्हा भेटतो २००७ च्या, डायना वॉशिंग्टनच्या गाण्यांना वाहिलेल्या ‘डेस्टिनेशन मून’मध्ये. रंगभूमीनेही तिला सांभाळलं. २००४ साली ब्रॉडवेवर ‘आयडा’ची मुख्य भूमिका तिच्याकडे होती.

तिच्या पिढीतल्या इतरांची वाटही अमेरिकेतूनच गेली. डेट्रॉइटसमोरच्या विंडसर गावची टमिया क्विन्सी जोन्स यांच्यामुळे पुढे आली. विनिपेगच्या रेमी शँडचा पहिला अल्बम २००२ साली मोटाउनने काढला, कौतुक झालं, आणि मग तो दीर्घकाळ गप्प झाला.

२०११ साली द वीकेंडने ‘हाउस ऑफ बलून्स’ इंटरनेटवर फुकट ठेवला आणि रेडिओच्या दाराशी उभं राहण्याची गरजच संपली. डॅनियल सीझरनेही २०१७ चा ‘फ्रॉइडियन’ मोठ्या कंपनीविना काढला. त्यातल्या एका युगुलगीताला २०१९ साली ग्रॅमी मिळालं. चर्चमधलं गाणं त्याच्या गळ्यात स्पष्ट ऐकू येतं. मात्र या नव्या प्रवाहात कुजबुज आणि धूसर वाद्यमेळ यांचा अतिरेक होऊ लागला आहे. भरल्या छातीने, शब्द तोलून गाणारी स्त्री त्यात अभावानेच ऐकू येते. कॉक्सची परंपरा पुढे नेणारं कुणी मला अजून दिसत नाही, आणि ही उणीव लहान नाही.

कॅनडाने तिला संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं २०२२ साली. हा सन्मान १९७८ पासून दिला जातो. तो मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.