मन मोकळे करा – गुण दहापैकी सहा

विज्ञान मेळाव्याच्या निमित्ताने एका शाळेत गेलो होतो. तिथे टेबलावर वह्यांचा गठ्ठा दिसला. वर लिहिले होते, ‘मन मोकळे करा’. एका पानाखाली लाल शाईत शेरा होता : ‘६/१०. अक्षर सुधारा.’

बाईंचा हेतू चांगलाच होता. पण ज्या संशोधनातून ही कल्पना आली, ते काय सांगते?

अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठातील जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा शोधनिबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. ४६ विद्यार्थ्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट केले होते. प्रत्येकाने सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायचे. एका गटाला किरकोळ विषय दिले. बाकीच्यांनी आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायचे : एका गटाने फक्त घटना, दुसऱ्याने फक्त भावना, तिसऱ्याने दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांचा रक्तदाब लिहून झाल्यावर तुलनेने जास्त होता आणि मनही खिन्न होते. पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्राकडे त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या.

प्रयोगाची रचना चांगली आहे. शांत बसून लिहिणे सर्वांच्याच वाट्याला आले. फरक होता तो विषयात. मात्र एका गटात जेमतेम अकरा-बारा जण. दोघांना फ्लू झाला तरी सरासरी हलेल. शिवाय दवाखान्याच्या फेऱ्या कमी होणे म्हणजे मन सावरणे नव्हे.

पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ साली १४६ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम खरा निघाला, पण अगदी लहान. सहसंबंध गुणांक सरासरी ०.०७५. त्याचा वर्ग केला तर लक्षात येते, की माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे अर्धा टक्काच यातून उलगडतो. कागद-पेन्सिलीच्या खर्चात एवढा लाभ वाईट नाही. पण हे औषधही नाही आणि समुपदेशकाला पर्यायही नाही.

आता त्या वह्यांकडे वळू. अशा प्रयोगांत लिखाण गोपनीय असते, शुद्धलेखन पाहिले जात नाही, गुण तर नसतातच. आपण नेमक्या याच अटी काढून टाकल्या. आपले लिखाण बाई वाचणार, कदाचित घरीही दाखवणार, हे ठाऊक असलेला मुलगा आईवडिलांच्या भांडणाबद्दल लिहील का? तो ‘माझा आवडता सण’ लिहील. म्हणजे प्रयोगाच्या भाषेत आपण सगळा वर्ग किरकोळ विषयांच्या गटात बसवला!

यावर शिक्षक विचारतील, कोणीच वाचले नाही तर संकटातले मूल कळणार कसे? प्रश्न रास्त आहे. पण वही ही हेरगिरीची जागा नव्हे. लिखाण मुलाकडेच राहू द्यावे, ठेवायचे की फाडायचे ते त्याने ठरवावे. ज्याला बोलायचे असेल, त्याच्यासाठी आपण केव्हा आणि कुठे भेटू, ते आधीच सांगावे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहावा. लिहून लगेच मन जड होऊ शकते, म्हणून हा तास शाळा सुटताना ठेवू नये. आणि लिहायचे नसेल त्याच्यावर सक्ती नको.

लाल पेन मात्र त्या दिवशी खिशातच राहू द्यावे.