घायाळ कोण, लुटारू कोण? – 'उचल्या'च्या निमित्ताने

आमच्या मुखेड तालुक्याला लागूनच लातूर जिल्हा. तेथील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु सेवाकार्यात गुंतलेल्या ख्रिस्ती माणसाने ते कसे वाचावे, हा प्रश्न वेगळा आहे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्या सेवेचा पाया. लुटारूंनी घायाळ केलेल्याच्या जखमा बांधाव्यात, हे आपल्याला कळते. पण येथे घायाळालाच लुटारू म्हटले आहे! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला खरा, तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी संशयाची नजर कायम राखली. आजोबांची पोलिसांपुढची हजेरी, मुलगा शाळेत गेला म्हणून वस्तीत रोगराई आली असे मानणारे जातभाई, हे सारे लेखक कोरड्या शब्दांत सांगतो. येथे नुसता मनःपरिवर्तनाचा उपदेश अपुरा पडतो. (मुक्तिफौजेने अशा जमातींच्या वसाहती चालविल्या. हेतू सुधारणेचा असला तरी कुंपण सरकारचेच होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.)

समाजकार्याच्या अभ्यासात जिला दमनविरोधी दृष्टी म्हणतात, ती ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात वंशभेदाविरुद्धच्या व स्त्रियांच्या चळवळींतून आकारास आली. गरजवंताच्या अडचणीचे मूळ त्याच्या स्वभावात न शोधता कायद्यात, सत्तेत आणि मदत करणाऱ्याच्या अधिकारातही शोधावे, हे तिचे सूत्र. गायकवाडांना ते जगण्यातूनच कळले. पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनीही १९८७ च्याच डिसेंबरातील परिपत्रकात 'पापाच्या संरचनां'विषयी लिहिले आहे.

पुस्तकाचा उत्तरार्ध, म्हणजे सूतगिरणी, कामगार संघटना, चळवळ, हा वाचकाला रूक्ष वाटण्याजोगा आहे. भाषा तेथे अहवालाकडे झुकते, हे मान्य. तरी माझ्या मते सेवकाने तोच भाग दोनदा वाचावा. पूर्वार्धातील पोर आपल्या मनात कणव जागवते; उत्तरार्धातील तरुण हक्क सांगतो, आणि तेथेच आपण चुळबुळू लागतो. भुकेल्याला भाकर देणारा हात त्याच्या मागणीच्या अर्जावर सही करताना का अडखळतो?

इंग्रजी अनुवादाचे नाव 'द ब्रँडेड', म्हणजे डाग दिलेला. मराठी नाव अधिक बोचरे आहे. ज्या शब्दाने गाव हिणवीत आले, तोच लेखकाने पुस्तकाच्या माथी लिहिला.